भारतात अर्धपोटी किती? : सरासरी आणि पसारा यांचा एक वाद

सरासरी काढायला आपण मुलांना शाळेतच शिकवतो. सर्व संख्यांची बेरीज करायची आणि जितक्या संख्या असतील तितक्याने भागायचे. कृती इतकी सोपी, की ती जमली म्हणजे सरासरी समजली असे आपण आणि मुले दोघेही धरून चालतो. प्रमाण विचलन त्यानंतर काही वर्षांनी येते, तेही बहुधा सूत्र आणि कोष्टक यांच्या रूपाने. परीक्षेत गुण मिळतात आणि विषय संपतो.

या दोन आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, या प्रश्नाला किती वजन असू शकते याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत भारतात पुरेसे अन्न न मिळणारे लोक किती, यावर एक मोठा वाद झाला. त्यातील दोन प्रमुख अभ्यासक पुण्याचे होते. दोघेही संख्याशास्त्र जाणणारे, दोघांपुढे राष्ट्रीय नमुना पाहणीचेच आकडे. पण उत्तरांमध्ये मोठे अंतर. १९७१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ५४.८ कोटी होती. म्हणजे टक्केवारीत दहाचा फरक पडला तरी साडेपाच कोटी माणसे या बाजूची त्या बाजूला जात होती. वादाचे मूळ एका साध्या प्रश्नात होते: सरासरीच्या खाली असणे म्हणजे कमी असणे का?

सरासरी माणूस

माणसांच्या मापांना सरासरी लावण्याची प्रथा फार जुनी नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुढे त्यांनी ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घेऊन दाखवले, की ती सुमारे ४० इंचांच्या भोवती घंटेच्या आकाराच्या वक्रात विखुरलेली आहेत. खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याचे स्थान पुनःपुन्हा मोजतात तेव्हा त्यांच्या चुकाही अशाच विखुरतात. त्यामुळे केतले यांना वाटले, की सरासरी हाच निसर्गाचा खरा नमुना आणि प्रत्येक प्रत्यक्ष माणूस ही त्या नमुन्याची थोडीफार चुकलेली प्रत.

ही समजूत बदलली फ्रान्सिस गॉल्टन यांनी. माणसांमधील फरक ही चूक नसून अभ्यासाची मुख्य गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याच परंपरेतील कार्ल पिअर्सन यांनी १८९३-९४ च्या सुमारास पसाऱ्याच्या मापाला 'प्रमाण विचलन' या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. वितरण घंटेच्या आकाराचे असेल, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांपर्यंत सुमारे ९५ टक्के व्यक्ती येतात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्या, म्हणजे २.३ टक्के, खालच्या टोकाला असतात.

रक्ततपासणीच्या कागदावर आपल्या आकड्याशेजारी जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती पुष्कळ तपासण्यांत अशीच निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. याचाच अर्थ असा, की वीस निरोगी माणसांपैकी एकाचा आकडा मर्यादेबाहेर जाणार. एकाच निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांतील निदान एक तरी मर्यादेबाहेर निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. ही मर्यादा निरोगी माणसांचे वर्णन करते. तिच्याबाहेर गेलेला प्रत्येक जण आजारी, असे ती म्हणत नाही.

देशाची सरासरी

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. कार्ल पिअर्सन त्याच वर्षी तेथून निवृत्त झाले होते. त्यांचे पुत्र एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन यांच्याबरोबर सुखात्मे यांनी काम केले. भारतात परतल्यावर पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने कसा घ्यावा, यावर त्यांनी मूलभूत काम केले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले.

तेथे त्यांच्यासमोर एक तयार आकडा होता. संघटनेने १९४६ साली जगाची पहिली अन्न पाहणी प्रसिद्ध केली होती. प्रत्येक देशात उपलब्ध असलेल्या अन्नाला लोकसंख्येने भागून दरडोई दररोजचे उष्मांक काढले होते. जगातील निम्म्याहून अधिक लोक ज्या भागांत राहत, तेथे ही सरासरी २,२५० च्या खाली होती. १९५० साली संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी तर मानवजातीचा दोन तृतीयांश भाग आयुष्यभर भूक आणि कुपोषण भोगतो, असे लिहिले.

यातील अडचण वाचकांच्या लक्षात आलीच असेल. देशाची सरासरी रेषेखाली असली म्हणून त्या देशातील प्रत्येक माणूस अर्धपोटी ठरत नाही, आणि सरासरी रेषेवर असली म्हणून तेथे कोणी उपाशी नाही असेही होत नाही. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सरासरीबरोबर पसाराही हिशेबात घेतला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे उष्मांकच कमी पडणारे लोक जगात दहा ते पंधरा टक्के होते. आहाराचा निकस दर्जाही धरला तर मात्र भूक, कुपोषण किंवा दोन्ही भोगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत जात होते.

पुण्यातील दोन उत्तरे

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दांडेकर त्या वेळी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांनी दरडोई दररोज २,२५० उष्मांक ही गरज धरली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांत किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना सरासरीने इतके उष्मांक मिळतात ते पाहिले. खेड्यात वर्षाला माणशी सुमारे १८० रुपये आणि शहरात २७० रुपये, अशी रेषा निघाली. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते. दारिद्र्य ही मोजता येणारी आणि म्हणून जाब विचारता येणारी गोष्ट आहे, हे या अभ्यासाने देशापुढे ठेवले. पुढे १९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यगटाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक हे आधार ठरवले.

सुखात्मे यांनी रोमहून परतल्यावर पुण्यातच महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम सुरू केले होते. त्यांचा आक्षेप असा: २,२५० ही गरजांची सरासरी आहे. गरज माणसागणिक वेगळी असते. तेव्हा सरासरीखालच्या सगळ्यांना अर्धपोटी म्हणणे म्हणजे कमी गरज असलेल्या धडधाकट माणसांनाही त्यांत मोजणे होय. रेषा सरासरीवर न आखता सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून आखावी. त्या रेषेखालचा माणूस अर्धपोटी आहे, हे खात्रीने म्हणता येईल. अशी रेषा आखली की अर्धपोटी लोकांची संख्या बरीच खाली येत होती.

दहा माणसांचा हिशेब

कोणाचे बरोबर? हे तपासायला एक लहानसा काल्पनिक पाडा घेऊ. त्यात दहा माणसे आहेत आणि त्यांची रोजची खरी गरज, उष्मांकांत, अशी आहे: १८००, १९५०, २०५०, २१५०, २२००, २३००, २३५०, २४५०, २५५०, २७००. बेरीज २२,५०० आणि सरासरी बरोबर २,२५०. प्रमाण विचलन सुमारे २६३. तेव्हा सरासरीची रेषा २,२५० वर आणि खालची रेषा सुमारे १,७२५ वर. आता तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग. सुगीचे वर्ष आहे आणि प्रत्येकाला आपापल्या गरजेइतके मिळते. खरे अर्धपोटी: ०. सरासरीच्या रेषेप्रमाणे: ५. खालच्या रेषेप्रमाणे: ०.

दुसरा प्रसंग. दुष्काळ पडला आहे आणि प्रत्येकाला गरजेपेक्षा २०० उष्मांक कमी मिळतात. खरे अर्धपोटी: १०. सरासरीच्या रेषेप्रमाणे: ७. खालच्या रेषेप्रमाणे: १.

तिसरा प्रसंग. शिधा वाटला जातो आणि प्रत्येकाला नेमके २,२५० उष्मांक मिळतात. खरे अर्धपोटी: ५. सरासरीच्या रेषेप्रमाणे: ०. खालच्या रेषेप्रमाणे: ०.

पहिल्या प्रसंगात सुखात्मे यांचा आक्षेप पूर्णपणे खरा ठरतो. सर्वजण तृप्त असतानाही सरासरीची रेषा निम्म्या पाड्याला अर्धपोटी ठरवते. दुसऱ्या प्रसंगात खालची रेषा दहापैकी नऊ जणांची भूक पुसून टाकते. तिसऱ्यात दोन्ही रेषा सारख्याच आंधळ्या आहेत. कारण उघड आहे. भूक म्हणजे मिळालेले अन्न आणि त्या व्यक्तीची गरज यांतील वजाबाकी. पाहणीत आपण फक्त मिळालेले अन्न मोजतो, गरज मोजत नाही. नुसत्या एका रकान्यावर कोठेही रेघ मारली तरी दुसरा रकाना तिच्यातून निर्माण होत नाही. रेघ कोठे मारायची हे ठरवताना आपण एवढेच ठरवत असतो, की कोणती चूक पत्करायची: पोट भरलेल्याला उपाशी म्हणण्याची, की उपाश्याला पोट भरलेला म्हणण्याची.

पसारा कोणाचा?

वाद येथेच थांबला असता तर तो लवकर मिटला असता. पण सुखात्मे यांनी पुढचे पाऊल टाकले. ब्रिटिश सैन्यातील रंगरुटांच्या आहाराच्या आणि श्रमाच्या रोजच्या नोंदी तपासताना त्यांना दिसले, की एकाच माणसाचे खाणे आणि खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ रोजच्या रोज बसत नाही. कॅलिफोर्नियातील शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी १९७८ आणि १९८२ साली असे मांडले, की गरजेतील पसारा मुख्यतः माणसामाणसांमधील नसून एकाच माणसातील आहे. मर्यादेच्या आत अन्न कमी मिळाले तर शरीर ऊर्जेचा वापर आपोआप अधिक काटकसरीने करते आणि आरोग्य बिघडत नाही. तसे असेल, तर आपल्या पाड्यातील दुसऱ्या प्रसंगात बहुतेकांना काहीच झालेले नाही!

पसारा दोन प्रकारचा असतो, हा या वादाचा संख्याशास्त्रीय गाभा आहे. दहा मुलांची उंची एकेकदा मोजली तर जो पसारा दिसतो तो मुलामुलांमधील. एकाच मुलाचे नाडीचे ठोके दहा वेळा मोजले तर दिसतो तो त्या मुलातील. सूत्र एकच आणि उत्तरही कदाचित तेवढेच, पण अर्थ अगदी वेगळा.

पसारा एकाच माणसातील असेल तर आणखी एक गोष्ट होते. पाहणीत एकेका माणसाचे एका दिवसाचे जेवण मोजलेले नसते. त्या काळच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा तीस दिवसांचा खर्च विचारलेला असे. म्हणजे तो आकडा स्वतःच एक सरासरी आहे. पाच सुट्या, परस्परांशी संबंध नसलेल्या संख्यांची सरासरी घेतली की प्रमाण विचलन पाचाच्या वर्गमुळाने भागले जाते. २६३ चे सुमारे ११८ होते आणि खालची रेषा १,७२५ वरून सुमारे २,०१५ वर चढते. तीस दिवसांची सरासरी धरली तर पसारा आणखी आक्रसतो. एका माणसाचा पसारा घेऊन तो कुटुंबाच्या महिन्याच्या सरासरीतून वजा करणे हिशेबाला धरून नाही. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सुखात्मे यांच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली आणि अनेक अर्थशास्त्रज्ञ या चर्चेत उतरले.

दुसरी हरकत शरीरशास्त्राची होती. डॉ. सी. गोपालन यांनी १९८३ साली विचारले, की लहान शरीर आरोग्यपूर्ण, ते फक्त गरिबांसाठीच का? कमी अन्नावर शरीर तगते हे खरे. पण ते बारीक राहून, कमी उंची गाठून, कमी श्रम करून तगते. मूल खेळणे कमी करते, मजूर काम कमी करतो. त्यानंतर बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासांत दिसले, की दीर्घकाळ कमी खाणाऱ्यांच्या शरीराची ऊर्जा कमी खर्च होते ती मुख्यत्वे शरीरच लहान असल्यामुळे. मापाचा फरक वजा केल्यावर काटकसरीचा विशेष पुरावा उरत नाही. म्हणजे गरज घटली, पण फुकट घटली नाही. हिशेबाच्या वहीत मात्र ती घटलेली गरजच 'पुरेशी' म्हणून लिहिली जाण्याचा धोका होता.

म्हणून या वादाकडे एक हरला, एक जिंकला अशा दृष्टीने पाहणे बरोबर नाही. सरासरी ही प्रत्येकाची गरज नव्हे, हे सुखात्मे यांचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातील अल्पपोषितांचा जो आकडा देते, त्यात सरासरी आणि पसारा यांवरून आहाराचे वितरण मांडतात आणि गरजेच्या पल्ल्यातील खालची मर्यादा वापरतात. ही पद्धत त्यांच्याच कामातून आलेली आहे. आणि पसाऱ्याच्या खालच्या टोकाला 'चालेल' म्हणण्याआधी तेथील माणसाने काय गमावले ते पाहा, हे टीकाकारांचे म्हणणेही खरे. दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. २००९ च्या तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेचा उष्मांकांशी असलेला थेट संबंध सोडून दिला.

मुलांच्या उंचीत उतरलेली भूक

ताटातील अन्नाऐवजी त्याचा परिणाम मोजावा, म्हणजे मुलांची उंची आणि वजन पाहावे, हा दुसरा मार्ग. येथेही पसारा विसरून चालत नाही. पूर्वी प्रमाण वजनाच्या अमुक टक्के, अशा पायऱ्या वापरत. पण टक्क्यांचा अर्थ प्रत्येक मापाला वेगळा होतो. लहान मुलाचे वजन प्रमाण वजनाच्या ८० टक्के असेल तर ते साधारण दोन प्रमाण विचलने खाली असते. उंचीचा पसारा त्यामानाने फार कमी. पाच वर्षांच्या मुलाची प्रमाण उंची ११० सेंटिमीटर. तिचे ८० टक्के म्हणजे ८८ सेंटिमीटर, सरासरीपेक्षा चार प्रमाण विचलनांहूनही खाली! म्हणून आता मूल प्रमाणापासून किती प्रमाण विचलने दूर आहे, ते पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेली प्रमाण मापे ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांवरून काढलेली आहेत. त्यांनुसार या मुलासाठी दोन प्रमाण विचलनांचा उंबरठा सुमारे १००.७ सेंटिमीटर येतो.

चांगले पोषण झालेल्या मुलांतही २.३ टक्के मुले या उंबरठ्याखाली असणारच. ती जातीची बुटकी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खाली होती, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आता वक्र डोळ्यांपुढे आणू. तो आकार न बदलता एका प्रमाण विचलनाने डावीकडे सरकला तर उंबरठ्याखाली १६ टक्के येतात, दीडाने सरकला तर ३१ टक्के. प्रत्यक्षात पाहणीतील पसारा थोडा अधिक असतो. मुलाचे वय काही महिन्यांनी चुकीचे नोंदले तरी तो वाढतो. तरीही एवढे निश्चित, की काही मुले मागे राहिली आणि बाकीची ठीक आहेत असे हे चित्र नाही. सगळा वक्रच सरकला आहे. उंबरठ्याच्या वर राहिलेल्या मुलांपैकीही पुष्कळांनी आपली काही उंची गमावली आहे. हा आपल्या पाड्यातील दुसरा प्रसंग: कमी सगळ्यांनाच पडले, रेषेने मोजले थोड्यांनाच.

शिधा कोणाला द्यायचा हे ठरवताना कोठेतरी रेषा आखावीच लागते. पण लोकांची स्थिती समजून घ्यायची तर रेषेखालची टक्केवारी पुरत नाही. वक्र कोठे आहे आणि किती पसरला आहे, ते पाहावे लागते.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेच्या आरोग्य तपासणीतील उंचीच्या नोंदी घ्याव्यात. मुलांची नावे काढून टाकावीत; कोणाचेही माप वर्गात वाचून दाखवू नये. मुले व मुली वेगळ्या कराव्यात आणि वय महिन्यांत लिहावे. मुलांकडून आलेख काढून घ्यावा, मग सरासरी आणि प्रमाण विचलन. त्यानंतर त्या वयाच्या प्रमाण मापांशी तुलना करावी. वर्गाची स्वतःचीच सरासरी मोजपट्टी म्हणून वापरली तर काय होईल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. सगळा वर्गच ठेंगणा असेल, तर त्या मोजपट्टीने वर्गाचा तो ठेंगणेपणा दिसणारच नाही.

वरील पाड्याचे तिन्ही प्रसंगही मुलांना फळ्यावर सोडवू द्यावेत. चौथा प्रसंग त्यांनीच रचावा: दहाही जणांना पुरेल इतके, म्हणजे एकूण २२,५०० उष्मांक, गावात आहेत, पण वाटणी अशी आहे की सरासरी २,२५० असूनही खरे अर्धपोटी नऊ निघतात. अशी वाटणी शोधायला मुलांना फार वेळ लागणार नाही.